निळ्या भिंतींच्या खोलीतलं बाळ

प्रिय अनिल,

आज तुझ्या बॅगेतून फ्लॅश आणि ती हातभर लांब लेन्स काढून मी कपाटात ठेवली. तुला न विचारता तुझ्या सामानाला हात लावायची सवय मला अजून नाही, म्हणून हे पत्र. तू जाऊन दोन वर्षं झाली, तरी चेन उघडताना मी एकदा दाराकडे पाहिलंच.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांचे आणि त्यांच्या माणसांचे फोटो काढते, हे तुला कुठून ठाऊक असणार? आपल्या मीराने ढकललं. "आई, बाबांचा कॅमेरा नुसता पडून खराब होईल." जे काही येतं ते तूच शिकवलेलं, खंडाळ्याच्या घाटात, फोटोसाठी वळणावर आगगाडी दिसायची वाट बघत. पण गाडी उशिरा आली तरी रुळावरूनच येते. बाळाचं तसं नसतं, हे सांगायचं राहिलं तुझं.

गेल्या महिन्यात उर्से गावी गेले. माझी जुनी विद्यार्थिनी वैशाली तिथे दिली आहे, तिला मुलगा झाला. "टीचर, मोबाईलचे नकोत, तुमच्या हातचे हवेत," म्हणाली. तिच्या सासूबाई, सरूमावशी, बारशाआधी फोटो काढू देईनात. बारसं झालं आणि मगच मला बोलावणं आलं.

दहा बाय दहाची बाळंतिणीची खोली. खिडकीवर घोंगडी, शेपाच्या धुरीचा वास आणि चारही भिंती गडद निळ्या. लोखंडी कपाटाला पाठ टेकून उभी राहिले, तरी तुझ्या लेन्समध्ये बाळाची फक्त टाच मावत होती. साधी लेन्स लावली तर अंधार. मग फ्लॅश काढला. फ्लॅश कधी तोंडावर मारायचा नाही, भिंतीवर मारायचा, ही तुझी शिकवण. तशीच वागले. आणि शहाणी मी, फोटो लगेच पडद्यावर दाखवला.

सरूमावशींचा हात तोंडावर गेला. "वैशे, निळं पडलंय गं पोर. बग की."

त्यांनी बाळाला उचललं, त्याचे ओठ बघितले, नखं बघितली. "मावशी, तो भिंतीचा रंग आहे," मी सांगत राहिले. कोण ऐकतंय? वैशाली आवाज न करता रडत होती. तिच्या नवऱ्याने मला ओट्यावर आणून सांगितलं, त्यांचं पहिलं बाळ दुसऱ्याच दिवशी निळं पडून गेलं होतं. "रागावू नका टीचर, पण आता आई कॅमेरा घरात येऊ देणार न्हाई."

त्या दिवशी मला तुझा राग आला. भिंत पांढरीच असणार असं तू का धरून चालला होतास? मग स्वतःचा आला. भिंत काय मला दिसत नव्हती?

आठवडाभर घोळ घातला. मीराने पुण्याहून कॅमेऱ्यांची नावं पाठवली. दुकानदाराने छत्रीसारखे दिवे दाखवले. प्रत्येक वस्तू बघताना मी एवढंच विचारत होते, हे त्या खोलीत नेता येईल का? शेवटी एकच घेतलं. मुठीत मावणारी छोटी लेन्स. ती जवळचं-लांबचं करत नाही, जवळ जायचं तर आपणच पाऊल उचलायचं. पण मिणमिणत्या उजेडातही तिला दिसतं. स्वयंपाकघरातल्या खिडकीशी टॉवेलमध्ये नारळ गुंडाळून मी सराव केला. हसू नकोस.

वैशालीने सासूची समजूत काढली आणि मी पुन्हा गेले. उंबऱ्यावरच कॅमेरा सरूमावशींच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट केला.

"दिवा कुटाय ह्याचा?"

"घरी ठेवला."

"मंग दिसंल कसं?"

"घोंगडी काढली तर दिसेल."

"वारं लागंल."

"काच लावलेलीच ठेवू."

त्यांनी कॅमेरा माझ्या हातात परत दिला. मग स्वतःच घोंगडी काढली. निळी भिंत झाकायला घरधन्याचं धुतलेलं धोतर आणलं आणि दोन्ही हातांनी पसरून त्यामागे उभ्या राहिल्या.

अनिल, नुसत्या खिडकीच्या उजेडात मी काय पाहिलं, कसं सांगू? कानाच्या पाळीवरची लव. कागदाहून पातळ नखं. आणि टाळू. ठोक्यागणिक ती मऊ कातडी वर येत होती, खाली जात होती. आतलं अख्खं आयुष्य तिथे वाजत होतं, आणि वर झाकण म्हणावं असं काहीच नव्हतं. इतकी वर्षं मुलांमध्ये काढली मी, मीरा माझ्या मांडीवर वाढली, तरी हे असं पाहिलं नव्हतं. बटण दाबायचंच विसरले.

"बाई, झोपला का काय तुमी?" धोतरामागून आवाज आला.

फोटो काढला. आधी मी पाहिला, मग त्यांना दाखवला. कितीतरी वेळ त्या बघत राहिल्या.

"गुलाबी हाय," म्हणाल्या. मग जरा वेळाने, "लय गुलाबी हाय."

पुन्हा धोतर उचलायला निघाल्या, तर मी ते भिंतीवरच्या खिळ्यांना अडकवलं. "आता तुम्ही बसा."

"मी कशाला? म्हातारीचं काय बगायचंय?"

"आत्या, या ना," वैशाली सासूला म्हणाली.

बसल्या. मी किती सांगितलं तरी कॅमेऱ्याकडे बघेनात. मांडीवरच्या नातवाचे ओठ बघत बसल्या. तोच फोटो मी आजवर काढलेल्यांतला सगळ्यात चांगला.

घरी येऊन आपले अल्बम काढले. मीरा आहे, मी आहे, आपली मांजरसुद्धा आहे. तू कुठे आहेस? लेकीला मांडीवर घेतलेला तुझा एक फोटो नाही. "माझं काय काढायचं," म्हणायचास, आणि मी ऐकून घ्यायचे. तुझ्या हातातून कॅमेरा एकदाही का काढून घेतला नाही मी?

आता तुला शब्द देते. यापुढे ज्या घरी जाईन, तिथे कोणीतरी दाराशी उभं असेल, काहीतरी धरून, "मी कशाला" म्हणत. बाळ आधी त्याच्या मांडीवर ठेवीन. बाकीचे नंतर.

तुझीच,
शैला