पिठाची खळ

ओकतेपा,
१९ ऑक्टोबर २०१४, रविवार

प्रिय कोमिल,

अस्सलाम अलैकुम. इथे आम्ही सगळे आपापल्या पायांवर उभे आहोत, तिथे तू, दिलफुझा आणि बाळही तसेच असा. बाळाचा खोकला गेला का? दिलफुझाला म्हणावं, ताश्कंदची औषधं पुरे झाली, मेंढीची चरबी गरम करून छातीला चोळ. ती नाक मुरडेल, पण चोळ म्हणावं.

आईच्या डाळिंबाला यंदा इतकी फळं आलीत की फांद्यांना टेकू लावावे लागले. हे पत्र घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरजवळ एक पेटी दिली आहे. गॅस अजून आलेला नाही. यंदा येईल म्हणून तुमच्या सरकारातल्याच कुणीतरी टीव्हीवर सांगितलं होतं ना? आम्ही कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या जाळतोय. घरभर धूर आणि माझे डोळे लाल. शेजारीण विचारते, रडलीस का गं? मी म्हणते, गॅस आल्याच्या आनंदानं रडले.

तू बाबांना पाठवलेला कोट पोचला. चांगला ऊबदार आहे. खुंटीवर टांगून ठेवलाय. बाबांचं पुढे लिहिते.

शाळा नेहमीसारखी बंद. पोरं, आम्ही मास्तर लोक, दवाखान्यातल्या नर्सबाई, सगळे कापूस वेचणीला. तुला काय सांगायचं, किती कापूस द्यायचा तो आकडा तुमच्या ऑफिसात ठरतो. तुम्ही गरम खोलीत बसून एक शून्य वाढवता आणि इथे आमची बोटं सोलून निघतात. रागावू नकोस. तू एकटा थोडाच ठरवतोस.

या वर्षी तालुक्याचा कारभार बघणाऱ्या हाकिमसाहेबांना वेचणीत जिल्ह्यात पहिलं यायचं होतं. म्हणून सडकेकडेचं शेत आधीच झाडून वेचून घेतलं. आणि मग निरोप आला, राजधानीतून मंत्री येणार, सडकेवरूनच शेत बघणार. हाकिम धावत आले. घामाघूम. म्हणाले, "शेत पांढरंशुभ्र दिसलं पाहिजे. कसं ते मला विचारू नका." मी म्हटलं, "साहेब, वेचलेला कापूस परत बोंडात बसवू का?" मी टोमणा मारला होता रे! त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हं. बसवा."

हस्तकलेच्या तासाचा सगळा डिंक आणला, अर्ध्या वाफ्यातच संपला. मग आम्ही बायकांनी पिठाची खळ शिजवली. मोठ्या कढईत, पुलाव करतो ना त्याच. ढवळायला मीच होते. बायका हसत होत्या, म्हणत होत्या, यंदा कापसाला जेवायला घातलं. आणि मग एकदम हसू थांबलं, कारण पीठ ते अन्नच. बाबांना हे सांगायचं नाही, असं तिथेच ठरलं. गव्हाचा अपमान त्यांना सहन झाला नसता. ते नान कधी पालथा ठेवू देत नाहीत, तुला माहीतच आहे. बस, एवढ्याच कारणानं त्यांना सांगितलं नाही.

आणि पाहुण्याच्या स्वागताला उभं कुणाला करायचं? तर वेचणीच्या टोळीच्या जुन्या नायकाला, छातीवर पदकं असलेल्या म्हाताऱ्याला, आपल्या बाबांना. बाबा खूश! झगा घातला, टोपी झटकून घेतली. त्यांना आता लांबचं सगळं धुरकट दिसतं. शेताकडे तोंड करून म्हणाले, "बघ ओयदिन, ऑक्टोबर आला तरी केवढा फुललाय. मातीनं लाज राखली." मी त्यांचा झगा नीट करत राहिले.

मंत्री आले. बाबांनी नान आणि मीठ पुढे केलं, त्यांनी तुकडा मोडून खाल्ला. छायाचित्रं निघाली. ते वळले, मोटारीचं दार उघडलं, हाकिमांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांबा साहेब. आमच्या दारातून पाहुणा रिकाम्या हातानं जात नाही." आणि वाकून, चाचपून, सगळ्यांत टपोरं बोंड त्यांनी देठासकट खुडून मंत्र्यांच्या हातावर ठेवलं.

मंत्र्यांनी हसत कापूस ओढला. तो निघेना. जोर लावला तर टरफलासकट हाती आला आणि बोटांना चिकटला. "हे काय आहे?" सगळे जमिनीकडे बघत होते. बाबांना वाटलं, कीड लागली असेल. त्यांनी बोंड परत घेतलं, हुंगलं, जिभेला लावलं. त्यांचा चेहरा असा झाला, कोमिल, आईच्या मातीच्या वेळीही मी तो तसा बघितला नव्हता. म्हणाले, "हे पीठ आहे. गव्हाचं पीठ! कुणी केलं हे?"

मोठ्यानं म्हणाले. कॅमेरे चालू होते.

संध्याकाळच्या आत त्यांना न्यायला आले. आलेल्यांत तुझ्या वर्गातला सोबिर होता, पोलीस झालाय तो. सरकारची बदनामी, मुद्दाम केलेला कट, असं काहीबाही म्हणतात. कट कसला डोंबलाचा! पाहुण्याला भेट दिली म्हाताऱ्यानं. पण हे तुला ठाऊक आहे. सगळं तुला आधीच ठाऊक आहे. मी उगाच पहिल्यापासून सांगत बसले, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

हाकिमांनी मला बोलावलं. चहा दिला. म्हणाले, "बाई, गुरुवारी कोर्ट आहे. मला म्हाताऱ्याला तुरुंगात घालायची हौस नाही. दोन्ही मुलांनी सांगावं की बापाचं डोकं फिरलंय. थोडे दिवस वेड्यांच्या इस्पितळात राहील, प्रकरण मिटेल. तुझ्या भावानं होकार दिलाय."

मी म्हटलं, "माझा भाऊ असं म्हणणार नाही."

त्यांनी फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

त्या फोनच्या अलीकडे मी बसले होते, कोमिल. तू म्हणालास, "हो साहेब, आई गेल्यापासून त्यांचं डोकं ठिकाणावर नाही. डाळिंबाच्या झाडाशी बोलतात. रस्त्यात नानचा तुकडा दिसला की उचलतात, ओठांना लावतात, कपाळाला लावतात, भिंतीवर ठेवतात. शहाणा माणूस असं करेल का?"

अरे, तू नाही केलंस असं? शाळेच्या वाटेवर, चिखलातून उचलून, फुंकर मारून? दिलफुझासमोर करत नसशील आता. पण तुझे ओठ तर तेच आहेत ना?

मला फार राग आला. अजून आहे. तरी तुझी भीती मला कळते. घर सरकारी, नोकरी सरकारी, पोर लहान. इस्पितळ तुरुंगापेक्षा बरं, असं तू स्वतःला समजावलं असशील. पण त्या इस्पितळातून मुरोदचाचा कसे परत आले ते आपण दोघांनी बघितलंय. त्यांना स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं.

सोबिरनं मला बाबांना भेटू दिलं. मीही त्यांना म्हटलं, बाबा, म्हणा ना, म्हातारा झालोय, चुकून बोललो. ते म्हणाले, "डोळे गेले गं, जीभ शाबूत आहे. मी वेडा ठरलो तर ते पीठ होतं, हे कोण खरं मानेल?" मग हळूच विचारलं, "कोमिलला कळवलंस का? कळवू नकोस. घाबरेल पोरगा."

मी हाकिमांना सांगून आले, माझा बाप वेडा नाही. बोंड त्यांनी पाहुण्याला मानानं दिलं, खळ मी ढवळली, हुकूम तुमचा होता, आणि हेच मी कोर्टात बोलणार. त्यांनी माझा चहाचा प्याला उचलून नेला. शाळेत आता मला कोण ठेवतंय! पण दोघांचा शब्द एक असल्याशिवाय बाबांना इस्पितळात पाठवता येत नाही, आणि माझा त्यांना मिळणार नाही. तू ये. तुझ्या तोंडानं गेलेला शब्द तुझ्याच तोंडानं परत घे. दोन्ही मुलं मिळून बाबांनी हे मुद्दाम केलं नाही म्हणाली, तर निदान घरी सोडतील असं सोबिर म्हणतो. तू आला नाहीस तर मी एकटी बोलेन, मग ते बाबांचं आणि माझं काय करतील, ते सोबिरलाही सांगता येत नाही.

आणखी एकच. बाबांना नेताना मी आत धावले आणि ताजा नान आणला. त्यांना गाडीकडे ढकलत होते, पण सोबिर थांबला. टोपी काढून उभा राहिला. प्रवासाला निघालेला माणूस घेतो तसा बाबांनी नानचा एक घास तोडला, आणि उरलेला मी भिंतीवर टांगला, ते येऊन संपवतील म्हणून. शेजारी तुझा आहे, तू ताश्कंदला निघालास तेव्हाचा. दगड झालाय. तू घाईघाईनं येतोस नि जातोस, तो खायचा राहूनच जातो. बाबा रोज त्याच्यावरची धूळ पुसायचे. आता मी पुसते, दोन्ही नानांवरची.

शहाण्या बापाची मुलगी,
आणि गुरुवारपर्यंत नक्की तुझी बहीण,
ओयदिन