मनोज सरांच्या बचावफळीबद्दल माझं मत

ती. आसावरी वन्सं यांना भिवंडीहून नीलाचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. नवा गुडघा कुरकुर न करता जिना चढतो हे वाचून बरं वाटलं, जुन्याने तुम्हाला फार छळलं. नाशिकची थंडी त्याला मानवली म्हणजे झालं. ओवीचं बारावीचं वर्ष, तिला अभ्यासाला बसवा, पण नातीवरच्या प्रेमापोटी सारखं दूध पाजू नका. आपल्या घरात दुधाने कोणी हुशार झाल्याचं मला आठवत नाही. माझी तब्येत ठीक आहे. रक्तदाब शनिवारी वाढतो, एरवी जागेवर असतो. शनिवारी का वाढतो ते पुढे येईलच.

तुम्ही लिहिलंत की सोमवारी व्यवस्थापन समितीची बैठक आहे, कॉलेजच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक मनोज सर यांना काढायचं का यावर सभासदांनी हात वर करून मत द्यायचं आहे, आणि तुम्ही नाशिकला राहून समितीवर असल्यामुळे तुम्हाला मैदानावरचं काही ठाऊक नाही. तेव्हा प्रत्येक सामना पाहणारी बाई म्हणून मी खरं काय ते कळवावं. कळवते. पण आधी एक आठवण करून देते. जुने सर नोकरी सोडून गेले तेव्हा याच समितीने ठराव केला होता की क्रीडा विभागात एक माणूस आहेच, त्यानेच फुटबॉलही पाहावा. तो माणूस कबड्डीचा आहे हे एकाही सभासदाच्या डोक्यात आलं नाही. (तुम्ही त्या बैठकीला होतात. वडे चांगले होते असं तुम्हीच मला सांगितलं होतं.) संस्कृतच्या बाईंना रसायनशास्त्र शिकवा असं कोणी सांगत नाही. खेळाच्या बाबतीत मात्र सगळं चालतं, कारण समितीतल्या कोणाला पळावं लागत नाही.

आता बचावफळीबद्दल. मनोज सर खाडीकाठच्या गावचे, तिथे पोरगं चालायला लागलं की पकड शिकतं. त्यांनी स्वतः जिल्ह्यात नाव काढलं आहे, ते मी नाकारत नाही. पण त्यांनी आपल्या चार बचावपटूंना जे शिकवलं आहे ते सगळं कबड्डीचं आहे. समोरचा खेळाडू चेंडू घेऊन आला की आपली मुलं पुढे होत नाहीत. त्याला येऊ देतात. बाजूला सरून वाट करून देतात, पाहुण्याला द्यावी तशी. तो पुरता आत आला की मग दोन्ही बाजूंनी त्याच्या मागे जाऊन परतीचा रस्ता बंद करतात. मी सरांना पहिल्याच सामन्यात विचारलं, हे काय चाललंय. ते म्हणाले, "काकी, आत आलेला मानूस भायेर जाता कामा न्हाय, येवढंच आपल्याला ठाव हाय." मी म्हटलं, अहो, त्याला बाहेर जायचंच नाहीये. तो गोल मारून तिथेच नाचणार आहे. त्यावर ते विचारात पडले, आणि ते विचारात असतानाच दुसरा गोल झाला.

दोघा-दोघांनी हात धरून साखळी करायची ही त्यांची दुसरी शिकवण. कबड्डीत साखळी शोभते. इथे उजवा बॅक उजवीकडे ओढतो, मधला बचावपटू म्हणजे स्टॉपर डावीकडे, आणि चेंडू दोघांच्या मधून जातो, वर ते दोघं हात सोडायला विसरून तसेच मागे पळतात, जत्रेत हरवू नये म्हणून आईने बांधून ठेवल्यासारखे. एका सामन्यात तर उजव्या बॅकने समोरच्या संघाच्या मुलावर झेप घालून त्याचा घोटा दोन्ही हातांनी पकडला. पकड सुंदर होती. तो मुलगा हलू शकला नाही. आपला गडी पोटावर पडल्या पडल्या पंचांकडे अभिमानाने बघत होता, गुण मिळणार म्हणून. मिळालं ते लाल कार्ड आणि त्यांना पेनल्टी. मनोज सर बाजूच्या रेषेवर टाळ्या वाजवत होते. (मी नाही वाजवल्या. पण पकड सुंदर होती हे लिहिलं पाहिजे.)

गोल झाला की काय करायचं हे मात्र आपल्या मुलांना पक्कं येतं. चौघेही हात वर करतात, ऑफसाइड आहे, गोल धरू नका म्हणून. समोरचा आपल्या हद्दीत एकटा उभा असो की त्याच्यापुढे आपली सगळी फौज असो, हात वर. एकदा स्टॉपरने स्वतःच्याच गोलात चेंडू घातला आणि घातल्यावर स्वतःच हात वर केला. गोलरक्षक बाळाराम त्याच्याकडे नुसता बघत राहिला. बाळाराम चांगला मुलगा आहे, पण त्याचं सगळं आयुष्य जाळीतून चेंडू काढण्यात चाललं आहे. मैदानाच्या भिंतीवर रात्रपाळी करून आलेले कामतघरच्या यंत्रमागांवरचे लूमवाले बसतात, झोपायचं सोडून. त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ त्या दिवशी म्हणाले, "अरे भाई, दरवाज़ा खुला ही रखना है तो बत्ती भी जला दो।" मला राग आला.

मग अकलोलीचं प्रकरण. मुलांचे पाय आखडतात म्हणून आपण हरतो, असा सरांनी शोध लावला आणि सामन्याच्या दिवशी सकाळी सगळ्या संघाला टेम्पोत घालून अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर नेलं. मुलं भरपूर डुंबली. वर भजी खाल्ली. दुपारी मैदानावर आली ती इतकी मोकळी होऊन आली की कोणाचा पाय कोणाच्या ताब्यात नव्हता. लेफ्टबॅक तर खांबाला टेकून उभा होता आणि मला खात्री आहे की त्याचे डोळे मिटलेले होते. सात गोल खाल्ले. परत जाताना सर म्हणाले, पोरांची थकान मात्र गेली.

तुम्ही म्हणाल, नीलाला एवढं काय पडलंय. तुम्हाला ठाऊक आहे काय पडलंय. तुमचे बंधू कॉलेजात असताना स्टॉपर खेळले, मग तिथल्याच ग्रंथालयात कारकून झाले आणि शेवटच्या आजारापर्यंत दर शनिवारी गोलच्या मागे बसून पोरांवर ओरडले. माझं शिक्षण सातवी. पुढचं जे झालं ते यांनी ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांवर झालं, त्यात फुटबॉलच्या नियमांचंही एक होतं, ते मी कादंबरीसारखं वाचलं. एरवी आम्ही नवरा-बायको फार बोलत नसू. बचावफळीवर बोलायचो. आमटीत मीठ जास्त झालं तरी हे लेफ्टबॅकला बोलायचे आणि मला कळायचं. आता मी गोलच्या मागे एकटी बसते. मनोज सर जिमखान्यातून प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आणून ठेवतात, आम्ही दोघं बसायचो तेव्हासारख्याच. ओरडायचं कामही माझ्याकडे आलं आहे. घरी आले की हातपाय धुऊन यांच्या फोटोपुढे बसते आणि किती गोल खाल्ले, कोणाच्या पायाने खाल्ले, ते क्रमाने सांगते. यंदा सांगता सांगता रात्रीच्या जेवणाला उशीर होतो. (माणूस म्हणून मनोज सर वाईट नाहीत. पण वाईट नसणं ही काही बचावाची पद्धत नव्हे.)

त्यांच्या जागी ज्याचं नाव आहे तो ठाण्याचा प्रितेश. रीतसर प्रशिक्षण घेतलेला, लॅपटॉपवाला. समितीने त्याला आठवडाभर मुलं दिली आणि रविवारी पडघ्याच्या संघाशी सामना लावला, हे तुम्हाला कळलंच असेल. हीच मुलं, हेच पाय. एकाने कोणाचा हात धरला नाही. चौघं एका रेषेत पुढे, एका रेषेत मागे. गोलशून्य बरोबरी. बाळारामला करण्यासारखं काही नव्हतं, तो बूट बांधत बसला. भिंतीवरचे लूमवाले मध्यंतरालाच झोपायला गेले.

तेव्हा मत उघड आहे. मनोज सरांना फुटबॉलचा बचाव कळत नाही, प्रितेशला कळतो. हे पत्र बैठकीत वाचून दाखवलंत तरी माझी हरकत नाही. गुडघ्याला जपा, ओवीला आशीर्वाद.

तुमची भावजय,
नीला

ता. क. लिंबाचं लोणचं मुरलं आहे. बैठकीला याल तेव्हा बरणी आठवणीने न्या, मागच्या वेळची रिकामी बरणी आणा.

आणखी एक. त्या रविवारचं थोडं लिहायचं राहिलं. खुर्च्या दोन होत्या. सरांना त्या दिवशी मैदानावर काही काम नव्हतं, तरी सवयीने ठेवून गेले होते. प्रितेश आला, शिस्तीचा मुलगा, "काकू, ही रिकामीच आहे ना?" असं नीट विचारून त्याने दुसरीवर लॅपटॉप ठेवला. रिकामीच होती, नाही कसं म्हणणार. मग खेळ सुरू झाला आणि शेवटपर्यंत मी तोंड उघडलं नाही. उघडायला कोणी जागाच ठेवली नाही. घरी येऊन फोटोपुढे बसले. म्हटलं, गोल नाही. पुढे काय सांगावं सुचेना. स्वयंपाक वेळेवर झाला, वेळेवर जेवले.

मनोज सरांना मी एकदा विचारलं होतं, दुसरी खुर्ची कशाला उचलून आणता. ते म्हणाले, "काकी, कबड्डीत बाद झालेला बाजूलाच बसतो ना. घरी न्हाय जात. त्याला जागा ठेवावी लागते." फुटबॉलचा एक नियम धड माहीत नसलेला माणूस.

शेवटचं. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही. पण सोमवारी सरांना काढायचं का असं विचारतील तेव्हा वन्सं, तुम्ही हात खालीच ठेवा. आपल्या बचावफळीला ते यंदा एकदाही जमलेलं नाही. तुम्हाला जमावं.