भुंग्याच्या स्प्रिंगा

९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पाहून घाबरू नकोस, आम्ही सगळे खुशाल आहोत. फोनच करणार होते, पण गॅरेजातल्या ठोकाठोकीनं तुझे कान गेलेत. मी एक विचारते, तू भलतंच उत्तर देतोस आणि शेजारीपाजारी मात्र सगळं नीट ऐकतात. म्हणून हा कागद.

तुझ्या लाडक्या भाच्याचं डोकं फिरलंय. चष्म्याच्या दुकानात नोकरी लागल्यावर भुंग्यानं ती जुनी छोटी गाडी घेतली, इथवर ठीक होतं. आता त्याला ती खाली बसवून घ्यायची आहे. चाकांच्या वर जी पोकळी दिसते ना, ती म्हणे त्याच्या डोळ्यांत खुपते. गाडी टाचा उंचावून उभी असल्यासारखी दिसते आणि वळणावर डुलते. मी म्हटलं, डुलू दे की, तुझा पाळणाही डुलायचा. त्यावर मला गाडीतलं काही कळत नाही म्हणाला. तोंडानं इंजिनाचा आवाज काढत घरभर फिरायचा म्हणून तू त्याचं नाव भुंगा ठेवलंस, ते काही अजून सुटलेलं नाही.

यांचं तर विचारूच नकोस. हाडाचे शिंपी! म्हणाले, कार्टा गाडीचा पायजमा आखूड करायला निघालाय. रस्ता घासत जाणाऱ्या गाडीत मी जन्मात पाय ठेवणार नाही, असं त्यांनी जाहीर केलंय. आणि माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. साध्या खुर्चीतून उठायचं तर आधी टेबलाची विनवणी करावी लागते. जमिनीलगतच्या सीटवरून मला कोण उचलणार असं मी विचारलं, तर म्हणाला, मी आहे की.

तू मामा आहेस, शिवाय गाड्यांच्या पायांचा डॉक्टर. त्याला चार शब्द सुनाव. माझं तो ऐकल्यासारखं करतो, तुझं ऐकतो.

आहे तो लोभ तसाच राहू दे.
तुझी ताई


२१ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि तुझा मुलगा दोघंही एकाच दिवशी येऊन थडकले. मी पत्र वाचून संपवेपर्यंत पोरगा गाडीखाली शिरलाही होता. समजवायला गेलो आणि त्यानंच मला पटवलं, हे आधी कबूल करतो.

ताई, मी नाही म्हटलं असतं तर तो दुसरीकडे गेला असता. स्प्रिंगा गॅसनं कापून गाडी खाली आदळवणारे महाभाग गल्लोगल्ली आहेत. मग ती गाडी माकडासारखी उड्या मारते. त्यापेक्षा माझ्या हातानं झालेलं बरं. आखूड, कडक स्प्रिंगा घातल्या, त्यांच्या जोडीचे शॉक अब्सॉर्बर घातले, चाकं सरळ करून घेतली. साहेबांना गाडी जमिनीला टेकवायची होती, मी दोन बोटं खाली नेऊन थांबवली. मग वळणावर पळवून बघितली. खरं सांगू? फार छान झालीय. रस्ता धरून चालते, आणि दिसतेही नेटकी. आमचा भुंगा तिच्याभोवती इतक्या फेऱ्या मारत होता की मलाच गरगरायला लागलं.

काढलेल्या मूळ स्प्रिंगा मी गोणपाटात गुंडाळून, वर ‘भुंगा’ अशी चिठ्ठी बांधून फळीवर ठेवल्यात. तो म्हणत होता भंगारात टाक. मी त्याला ती फळीच दाखवली. अशी पुष्कळ पोरं येतात, गाड्या खाली करून घेतात आणि ऐटीत निघून जातात. पुढं लग्न होतं, बायकोला दिवस जातात, नाहीतर आईबापांना चढउतार जमेनाशी होते, की मान खाली घालून येतात आणि विचारतात, माझ्या स्प्रिंगा आहेत का हो? सगळे परत येतात. तूही येशील, म्हटलं. तर छाती काढून म्हणाला, मी नाही येणार. बघू या!

दाजींना सांग, पायजमा आखूड केलाय, पण कापड कापलेलं नाही. शिवणीत ते माया सोडतात, तशी मीही सोडली आहे.

भाच्यावर रागाव, माझ्यावर नको.
तुझा धाकटा


३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्यावर रागवायचं ठरवलं होतं, पण आता कुठल्या तोंडानं रागवू? मी त्या गाडीत रोज बसते! दुकानातून आला की हाक मारतो, आणि मी चप्पल पायात सरकवून खाली. तळ्याला एक चक्कर मारून येतो. गुडघ्यांमुळे माझं जग खिडकीएवढं झालं होतं, ते आता पुन्हा मोठं झालंय.

आत बसणं सोपं आहे रे, अंग सोडून दिलं की झालं. उतरताना पंचाईत. पण तो वळसा घालून येतो, दार उघडतो आणि दोन्ही हात पुढं करतो. मग मोठ्यानं म्हणतो, बाईसाहेब, उठा. रस्त्यावरची माणसं बघतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं आणि दुसऱ्या दिवशी मीच तयार होऊन बसते.

आणखी एक वेडेपणा सांगते. स्पीडब्रेकर आला की हा गाडी तिरकी करतो, एक एक चाक हळू चढवतो आणि मला सांगतो, आई, श्वास रोखून धर, म्हणजे आपण हलके होऊ. असं कुठं असतं का? पण मी धरते. दोघंही गाल फुगवून बसतो. गाडी न घासता उतरली की भस्सकन श्वास सोडतो आणि हसत सुटतो. एवढा घोडा झाला तरी खेळ संपत नाहीत.

हे मात्र अजून फुरंगटलेले. दुकानात चालत जातात, चालत येतात. परवा अवकाळी पाऊस धो धो कोसळत होता, तरी त्याच्या गाडीत बसले नाहीत. घरी आले ते कोरडेच होते. म्हणाले, आडोसा मिळाला. बापलेकांचं हे भांडण मिटलेलं बघायचंय मला, बाकी काही नको.

मायेत अंतर नको.
ताई


३० जुलै

ती. ताईस,
सा. न.

‘पत्र लिहिण्यास कारण की’ असं लिहिलं आणि खोडलं. कारण काय लिहायचं?

तुझ्याकडून परत आल्यापासून हातात पाना धरवत नाही. साधा ताप, साधा ताप म्हणता म्हणता आपलं पोर गेलं. मी पोहोचलो तेव्हा तो मला ओळखतही नव्हता, आणि मी वेड्यासारखा त्याला गाडीबद्दल विचारत बसलो होतो. ते माझ्या डोक्यातून जात नाही, ताई.

तू फोन उचलत नाहीस. उचललास तरी मला ऐकू येणार नाही, म्हणून लिहितोय. दाजींनी कळवलं की तू खिडकीतही बसत नाहीस. रोज फक्त खाली जातेस, गाडी पुसतेस आणि वर येतेस. रड ताई, भांड, मला शिव्या दे, पण बोल. दोन ओळी टाक. नुसती सही करून पाठवलीस तरी चालेल.

तुझाच
धाकटा


१८ सप्टेंबर

प्रिय मेव्हणे यांस,
सप्रेम नमस्कार.

मला पत्र लिहिण्याची सवय नाही. बिलाखेरीज मी काही लिहीत नाही. चुकलंमाकलं पदरात घ्या.

तुमच्या ताईचे गुडघे फार बिघडले आहेत. घरात बसून सांधे धरले, असं डॉक्टर म्हणाले. रोज दवाखान्यात नेऊन व्यायाम करून घेतला नाही तर पुढं चालणं बंद होईल, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी भाड्याची गाडी बोलावली, तर तिनं ती परत पाठवली. जाईन तर त्याच्याच गाडीतून, म्हणते.

मागच्या आठवड्यात तसं नेलं. मला गाडी चालवता येते, पण त्याच्यासारखी तिरकी घालता येत नाही. प्रत्येक स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासलं आणि प्रत्येक वेळी ती रडली. दवाखान्याच्या दारात तिला उतरता येईना. मी हात पुढं केले, तिनं धरले नाहीत. गाडीचं दार उघडं, आत ती, बाहेर मी हात पुढं करून, आणि येणारेजाणारे बघताहेत. शेवटी व्यायाम न करताच घरी आणलं. घरीही मला हात लावू दिला नाही. दाराला धरून, ओढूनताणून कशीबशी बाहेर आली आणि गुडघ्यावर आपटली.

तुमच्याकडे जुन्या स्प्रिंगा आहेत असं तिच्या तोंडून मागं ऐकलं होतं. गाडी होती तेवढी उंच करून द्याल का? पण तिला कळता कामा नये. त्यानं केलेल्या कशालाही ती हात लावू देत नाही. ती दुपारी झोपते, तेवढ्यात काम उरकता येईल. दोन बोटांचा फरक तिच्या लक्षात येणार नाही.

पोर गेलं. आता ही जागच्या जागी जायला लागली तर मी काय करू?

आपला,
दाजी


२५ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दाजींनी मला एक काम सांगितलं आहे आणि तुला कळू देऊ नका म्हणालेत. तुझ्या पाठीमागं मी ते करणार नाही, म्हणून तुलाच लिहितो. त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांना वाटतं, दोन बोटं तुला कळणार नाहीत. साऱ्या जन्मात लोकांची बोटाबोटानं मापं घेतलेला माणूस हे म्हणतो, यावरून त्यांची काय अवस्था झालीय ते ओळख.

त्यांना गाडी पुन्हा उंच करून हवी आहे. तू नाही म्हणशील, हे मला माहीत आहे. त्यानं हौसेनं केलेलं आपण मोडायचं का, असं मलाही वाटतं. स्प्रिंगा फळीवरून काढल्या, चिठ्ठी बघितली आणि परत ठेवल्या.

पण ताई, एक गोष्ट त्यानं मला तेव्हा गाडीखालून सांगितली होती. मी विचारलं होतं, तुझी आई यातून उतरणार कशी? म्हणाला, मी उतरवीन ना. तुला त्यानं दोन बोटं खाली नेलं ते स्वतःच्या दोन हातांच्या भरवशावर. ते हात असते तर गाडी आणखी खाली असती तरी चाललं असतं. आता नाहीत. तू अशी गाडीत अडकून बसलेली त्याला बघवलं असतं का? मला वाटतं, मान खाली घालून तोच माझ्याकडे आला असता.

तू ये म्हणालीस तरच येईन.
धाकटा


१२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मी ये म्हणाले, तू आलास, काम केलंस आणि जेवायलाही न थांबता गेलास. मी खाली आले नाही याचं वाईट वाटून घेऊ नकोस. आतल्या खोलीत दार लावून बसले होते. प्रत्येक ठोका ऐकला.

गाडी नंतर तशीच उभी होती. मी पुसायलाही गेले नाही. पंधरा दिवसांपूर्वी मात्र हे चप्पल घालून, गाडीची किल्ली घेऊन दारात उभे राहिले. म्हटलं, चला.

बसताना सवयीनं अंग खाली सोडलं, तर सीट आधीच आली. अशी दणकन बसले की दात वाजले. पुढं तळ्याच्या वळणावर गाडी पहिल्यासारखी डुलली. त्याला आवडत नसे ते. मी दाराला घट्ट धरून बसले.

मग स्पीडब्रेकर आला. आता घासणार नव्हतं, मला माहीत होतं. तरी श्वास रोखला, रोखला गेला. गाडी आरामात चढली, आरामात उतरली, आवाजसुद्धा नाही. मी श्वास सोडला, आणि धाकट्या, शेजारी यांनीही सोडला. भस्सकन. गाल फुगवून.

मी बघतच राहिले. हा खेळ यांना कसा ठाऊक? यांनी गाडी कडेला घेतली आणि समोर बघत सांगितलं. तो धो धो पाऊस आठवतो? त्या दिवशी भुंगा यांच्या दुकानापाशी गाडी घेऊन गेला होता. हे बसले. मग रोज बसू लागले. तो यांना गल्लीच्या तोंडाशी सोडायचा आणि पुढचं हे चालत यायचे, कारण शब्द दिला होता ना, जन्मात बसणार नाही म्हणून! आईला सांगू नकोस, असं त्याला बजावलं होतं. त्यानं सांगितलं नाही. मला चक्कर मारून घरी सोडलं की तो परत जाऊन यांना वळसा घालून आणायचा आणि येताना दोघं गाल फुगवायचे. बापलेकांचं मिटलेलं मला बघायचं होतं, ते कधीच मिटलं होतं. मी तेवढी खिडकीत बसून काळजी करत होते.

दोघंही तिथंच रडलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा एकत्र. दवाखान्यापाशी हे वळसा घालून आले, दार उघडलं, दोन्ही हात पुढं केले. आता तेवढी गरज नव्हती, माझी मी उतरू शकले असते. मी हात धरले. सुईनं टोचून टोचून खरखरीत झालेली बोटं आहेत रे, त्याच्यासारखी नाहीत. पण घट्ट धरतात.

आता रोज जातो. गुडघा थोडा वाकायला लागलाय.

एक काम आहे. त्या काढलेल्या आखूड स्प्रिंगा कुणाला देऊ नकोस. गोणपाटात नीट गुंडाळ, तीच चिठ्ठी बांध आणि त्याच फळीवर ठेव. सगळे परत येतात असं तू त्याला म्हणाला होतास. कोण येणार आहे, मला कळतं. तरी ठेव.

लोभ करत जा, आम्हा दोघांवर.
तुझी ताई