टेबल वाचवण्याचा बँक शॉट

२ फेब्रुवारी, सोमवार
आमच्या तालमीच्या टेबलावर ज्यांनी ज्यांनी क्यूची काठी धरली, त्या तमाम बंधूंनो! आपलं बिलियर्ड्सचं टेबल विकून तिथं जिमची मशिनं आणायचा घाट घातलाय. तालमीतल्या दुसऱ्या गटाच्या पृथ्वीराजचा डाव. रविवारी सभेत ठराव.
(रोजनिशीला श्रोते नसतात. भाषणं लिहायची हाताची सवय.)
मी हे होऊ देणार नाही.

३ फेब्रुवारी
उपाय सापडला. बँक शॉट. बॉल सरळ कोपऱ्यातल्या पॉकेटात मारायचा नाही. आधी कडेच्या रबरी गादीवर मारायचा, तिथून उलटून तो पॉकेटात जातो. माणसंही तशीच. पृथ्वीराजचा गट कायम माझ्या उलट हात वर करतो. मी पंखा लावा म्हटलं की त्यांना थंडी वाजते. तेव्हा रविवारी मी टेबलाच्या विरोधात बोलणार. ते चिडून टेबल वाचवणार.
सोपं आहे.

४ फेब्रुवारी
आकारामला सांगितलं. माझा जुना जोडीदार. क्यूला चॉक घासत म्हणाला, बँक हळू मारायचा असतोय गड्या. जोरात हाणलास की गादी दबती, कोन बदलतोय. तू हळू बोलणार हाईस व्हय?
मला राग आला. मी हळूच बोलतो.

६ फेब्रुवारी
भाषण तयार. मुद्दाम पोकळ ठेवणार होतो. मध्येच विषय पेटला. फ्रेंच राज्यक्रांती आली, रोमचा ऱ्हास आला. अनुजाला वाचून दाखवलं. बायको असून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, अहो, मलाच ते टेबल विकावं वाटाय लागलंय की.
कौतुकच म्हणायचं.

७ फेब्रुवारी
शाहूपुरीत पृथ्वीराज भेटला. एरवी तोंड फिरवतो. आज चहा पाजला. उद्या पहिलं तुम्हीच बोला दादा, म्हणाला. लई गोड हसला.
तालमीत कुणीतरी टेपनं दाराची रुंदी मोजत होतं. विचारलं तर टेप गुंडाळून निघून गेलं. पडद्यासाठी असेल.
तालमीला पडदे नाहीत.

८ फेब्रुवारी, रविवार
बोललो. हे टेबल म्हणजे साहेबाचं हिरवं कुरण, त्यावर वाकून वाकून आपली पोरं ताठ उभं राहायला विसरली, असं म्हणालो. मग टाळ्या. विकायच्या ठरावाला माझ्या गटाचे हात वर. पृथ्वीराजच्या गटाचेही वर. मी वाट बघितली. एकही खाली येईना.
विरोधात एकटा आकाराम. हात वर, नजर माझ्यावर.
अध्यक्ष अण्णासो डोळे पुसत म्हणाले, बाळासो, आज आमचं डोळं उघडलंस बघ.

९ फेब्रुवारी
टेबल मलकापूरच्या एका ढाब्याला जाणार. वर ताटं मांडणार म्हणे. मी हरलेलो नाही. कोन जरासा चुकला, इतकंच. आकारामला फोन केला. त्यानं उचलला. एकेक बॉल खोक्यात टाकल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

१० फेब्रुवारी
उद्या सकाळी टेम्पो येतोय. पृथ्वीराजनं आग्रह धरला, टेबल दादांच्याच हस्ते रवाना झालं पाहिजे. मला फेटा बांधणार, टेम्पोपुढं नारळ फोडायला उभं करणार. वर दोन शब्द बोला म्हणाले. दोन शब्दांना नाही म्हणणं मला जमत नाही.
तेव्हा बंधूंनो, एकच मागणं: माझ्या हातून नारळ फुटायच्या आत त्या टेम्पोच्या चाकापुढं आडवे पडा!