शुक्राचं सांदण

नेरूळ, १२ डिसेंबर १९९५

प्रिय नाझिया,

दुआ. तुझा गुडघा कसा आहे ते कळव. कासिममियांचा खोकला गेला असेल तर त्यांना माझा सलाम. गेला नसेल तर आधी डॉक्टर, मग सलाम.

आम्ही खुशाल आहोत, फक्त घरात शुक्र ग्रह शिरला आहे. नबीलाने (आठवीत गेली तरी नातीची वेणी मीच घालते) शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पृथ्वी आणि शुक्र यांच्या जमिनीतला फरक हा विषय घेतला. मी भूगोलाची बी.ए., म्हणून मदतीला बसले आणि पहिल्याच वाक्याला नापास झाले. पृथ्वी वाळत्या आंब्यासारखी आकसते, त्या सुरकुत्या म्हणजे डोंगर, असं मी सांगितलं. "नानी, ते जुनं झालं. पृथ्वीच्या कवचाचे तुकडे आहेत आणि ते सरकतात." (आम्ही कॉलेजात होतो तोवर खंड जागेवर होते. मी पदवी घेतली आणि ते सुटले.) शुक्राचं कवच मात्र अखंड. आतली उष्णता जमीन वर ढकलते, जमीन फुगते, मग मधोमध बसते आणि भोवती गोल भेगा पडतात.

फुटबॉलवर पुठ्ठ्याचे तुकडे लावून पृथ्वी झाली. शुक्राची माती काही केल्या तशी तडकेना. प्रदर्शनाच्या सकाळी मी नाश्त्याला तांदळाच्या रव्याची सांदणं उकडली. झाकण काढलं, तर एकूण एक फुगून मध्ये बसलेलं, भोवती गोल भेगा. मी टाकायला निघाले तर नबीलाने ताट ओढलं. "हात लावू नको नानी, हाच शुक्र."

परीक्षकांनी वाकून वाकून पाहिलं आणि कोणतं रसायन वापरलं म्हणून विचारलं. "रसायन नाही सर, आमच्या नानीचं नेहमी असंच होतं," असं तिने भर वर्गात सांगितलं. पहिला नंबर आला.

संध्याकाळी शेजारच्या केशरबाई अभिनंदनाची खीर घेऊन आल्या. भांडं रिकामं परत देणं आपल्यात नाही, म्हणून हाताला लागलं ते घालून दिलं. तो शुक्र होता. नारळाच्या रसात बुडवून खाल्ला, चांगला होता, असा त्यांचा निरोप आला.

गुडघ्याला तेल लाव. आळस करू नकोस.

तुझी,
रशिदाआपा

ता. क. महिनाअखेरीस ठाण्याला जिल्ह्याचं प्रदर्शन आहे. मी रोज सांदणं करते आहे. लक्ष देऊन करते, त्यामुळे सगळी मऊ, गुळगुळीत, एकालाही भेग नाही. नबीला झाकण उघडून बघते, परत ठेवते आणि अभ्यासाला बसते. ते मला बघवत नाही.

आणखी एक. माझ्या सांदणात काय काय चुकतं, ते तू दर ईदला सगळ्यांसमोर सांगत आली आहेस. तेव्हा ऐकायची गरज नव्हती. आता ते सगळं क्रमाने लिहून उलट टपाली पाठव. एकही चूक गाळू नकोस.