मागच्या दाराचा खटका

साडूभाऊ यांस,

बसल्या जागेवरून नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण मध्ये स्टिअरिंग येतं.) तुमचा गुडघा कसा आहे? ताईंचा खोकला गेला का? आमच्याकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं तर ठीक आहे की नाही ते या घटकेला आईंच्या घरात, वरच्या मजल्यावर ठरतंय. मी खाली रस्त्याच्या कडेला, तुम्ही आम्हाला देऊन टाकलेल्या गाडीत, मांडीवर पॅड घेऊन बसलोय. हाताला काम नसलं की मी उगाच वायपर चालू-बंद करत बसतो आणि लोक बघतात. त्यापेक्षा पत्र बरं.

आईंचा पाय बाथरूममध्ये घसरून मनगट मोडलं, तेव्हापासून दोघी बहिणींनी एकच धोशा लावलाय की आता एकटं राहायचं नाही, आणि आईंचं उत्तर तुम्हालाही पाठ आहे. जन्मभर वॉर्डात मेट्रन म्हणून हुकूम सोडलेल्या बाईला मुलीच्या घरी पेशंट म्हणून राहायचं म्हणजे अवघडच. पण पडल्यावर फोनपर्यंत सरपटत जायला किती वेळ लागला, हे त्या अजून कुणाला सांगत नाहीत, आणि नेमकं तेच हिला झोपू देत नाही. अवेळी फोन वाजला की हिच्या तोंडचं पाणी पळतं. (मग तो फोन कुणी चुकून लावलेला असतो, आणि त्या बिचाऱ्याला मी काय वाटेल ते बोलतो.)

तर आईंना तपासणीला आणि मग हाताच्या व्यायामाला नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच दिवशी दवाखान्यासमोर गाडी थांबवली आणि मागून खटखट ऐकू आली. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हाताने त्या हँडल ओढत होत्या आणि दार काही उघडत नव्हतं. मी उतरलो, वळसा घालून गेलो, बाहेरून ओढलं तर लोण्यातून सुरी जावी तसं उघडलं. मला वाटलं, तुमच्या गाडीचं आतलं हँडल बिघडलंय. त्यांना वाटलं, आपल्या डाव्या हातात जोर नाही. दोघांनीही एकमेकांना काही सांगितलं नाही, कारण आमचं एकमेकांशी बोलणं किती ते तुम्ही जाणताच. पुढच्या खेपेपासून गाडी थांबली की मी टुणकन उतरायचो, म्हणजे खटखट ऐकायला नको. (हँडल दुरुस्तीला टाकायचं रोज ठरवत होतो. माझं ठरवणं तुम्हाला माहीत आहे.)

काचांचंही तेच. त्यांच्या बाजूचं बटण दाबून काच हलेना. मला आरशात त्यांचं बोट दिसायचं, मग मी माझ्या दारावरच्या बटणाने त्यांची काच खाली करायचो. तीही अर्ध्यावर येऊन थांबायची. मी मनातल्या मनात तुम्हाला दोन शब्द ऐकवायचो. (राग मानू नका, फार वाईट नव्हते.) आणि इकडे आई हिला सांगत होत्या की जावईबापू न सांगता ओळखतात, काच उघडतात, आणि म्हाताऱ्या माणसाला वारं लागू नये म्हणून बेताचीच उघडतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्याबद्दल त्यांचं एकच मत होतं, की माणूस निरुपद्रवी आहे. आता शेजारणीला सांगायला लागल्या की भर पावसात, छत्री नसताना, आमचे धाकटे जावई उतरून दार उघडतात. प्लास्टर निघालं तरी त्या दार उघडायचं म्हणून हँडलला हात लावत नव्हत्या. पदर सारखा करून शांत बसायच्या, मी येईपर्यंत.

आणि मागच्या आठवड्यात, गाडीतून उतरता उतरता, जणू भाजी काय करायची ते सांगावं अशा आवाजात त्या म्हणाल्या, की येते तुमच्याकडे राहायला. ही स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी कपाटाचे दोन खण रिकामे केले, मग तिसरा केला, मग पहिल्यातलं सामान कुठे ठेवलं ते शोधत बसलो.

आता ऐका. परवा हिने गाडी पुसायला काढली. मागचं दार सताड उघडून दाराची कड पुसत होती, आणि तिथे तिला एक इवलासा खटका दिसला. दार बंद असलं की तो दिसतच नाही. शेजारी लहान मुलाचं चित्र. ही म्हणाली, अहो, हे काय आहे? हे चाइल्ड लॉक, साडूभाऊ. खटका एका बाजूला केला की दार आतून उघडत नाही, बाहेरून मात्र खुशाल उघडतं. लहान मुलांनी चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून. तुमची पोरं लहान असताना तुम्ही लावलात, ती पोरं आता स्वतः गाड्या चालवतात, आणि खटका आहे तिथेच. माझ्या दारावर काचांचं एक कुलूपबटण आहे, तेही दाबलेलंच होतं. ते दाबलं की मागची बटणं मुकी. आणि मागची काच अर्ध्यावर थांबते कारण दाराचा खालचा कोपरा चाकाच्या कमानीने खाल्लेला असतो, पुरी काच आत जायला जागाच नाही. थोडक्यात, आईंना वारं लागू नये ही काळजी चाकाने घेतली. आणि मी, लिफ्ट इन्स्पेक्टर. दारं का उघडत नाहीत हे शोधायचा मला पगार मिळतो. हे ऑफिसात कळू देऊ नका.

मी म्हटलं, खटका सरकवू आणि गप्प बसू. पण ही ताईंचीच बहीण. म्हणे, आईला फसवून घरी आणायचं नाही, उद्या कळलं तर ती एक दिवस थांबणार नाही. त्यामुळे आज आईंना न्यायला आलो, तर बॅग उचलायच्या आधी ही वर सगळं सांगायला गेली आहे. मला म्हणाली, तुम्ही खालीच थांबा, तुम्ही बोललात की बिघडतं. (जिन्यात पाय वाजले. नाही, पेपरवाला.) खूप वेळ झाला. आत्ता गॅलरीत आई येऊन गाडीकडे बघून गेल्या, चेहऱ्यावरून काही कळलं नाही. मी हात हलवला, तो मध्येच खाली घेतला. साडूभाऊ, खरं सांगतो, आधी मला त्या यायला हव्या होत्या त्या हिच्यासाठी. आता मला स्वतःलाच हव्या आहेत. माझी कुणी अशी वाट बघत बसलंय, हे माझ्या बाबतीत या वयात पहिल्यांदाच घडलं, आणि ते एका खटक्यामुळे घडलं हे पचत नाही. आल्या दोघी. बॅग दिसत नाही. थांबतो.

आपला,
धाकटा साडू (अजून गाडीतच)

ता. क. बॅग जड म्हणून वरच ठेवली होती. मी आणली. आधी आईंनी मला खटका सरकवून दाखवायला लावला, चष्मा पुसून नीट पाहिला आणि विचारलं, तुम्हाला हे खरंच माहीत नव्हतं? मी नाही म्हटलं. मग म्हणाल्या, म्हणजे मोठ्या जावयांच्याही लक्षात राहिलं नसेल. साडूभाऊ, आता मला कळलं, तुमच्याकडे त्या का राहत नव्हत्या. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाला तुम्ही त्यांना याच गाडीत मागे बसवून नेलंत, आणि उतरून सरळ आत जाऊन पहिल्या रांगेत बसलात. हार त्यांच्यासाठी, भाषणं त्यांच्यासाठी, आणि त्या बाहेर काच ठोकतायत. वॉचमनने सोडवलं. त्यांना वाटलं, तुम्ही सामानासारखं कुलूप लावून गेलात. इतकी वर्षं मनात ठेवलं, आज माफ केलं. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या बोटाने खटका होता तसा परत लावला, आत बसल्या आणि मला म्हणाल्या, लावा दार.

ता. क. दुसरा, आणि पत्र खरं यासाठीच पोस्टात टाकतोय. आता त्या म्हणतात, मोठ्यांवर उगीच राग धरला, एक महिना त्यांच्याकडेही राहीन. तुमचं घर मोठं, बाग आहे, ताईंच्या हाताला चव आहे. आमच्याकडे रिकामे केलेले तीन खण. म्हणून हात जोडून विनंती. तुमच्या नव्या गाडीत चाइल्ड लॉक असेलच. ते आजच काढून ठेवा, आणि आई बसल्या की कृपा करून जागचे उठू नका. त्यांचं दार त्यांना उघडू द्या. आम्हाला त्या परत हव्या आहेत.