'राहू दे' हा फोल्डर वगळू नये याबाबत

मी, धर्मपाल सुखदेव मुनेश्वर, राहणार कळंब, जि. यवतमाळ, धंदा फोटो स्टुडिओ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. साक्षीदारांनी खात्री करून घेतली आहे.

१. राहते घर मुलगा राजदीप व मुलगी पायल यांना समसमान. मागच्या दारच्या लिंबावरून भांडू नये.

२. स्टुडिओ, कॅमेरे व लाइट पायलला. आताही तीच चालवते, मी नुसता खुर्चीत बसून सूचना करतो. माझी लोखंडी शिडी शेजारच्या जब्बारने पंखा लावायला नेली, ती आजतागायत आली नाही. त्याने ती पायलला परत करावी. साक्षीदार म्हणून सही करण्यापूर्वी त्याने हे कलम वाचलेच असेल.

३. संगणकाची जुनी हार्डडिस्क कुरकुरू लागली, म्हणून राजदीपने सगळे नव्या डिस्कवर न्यायचे ठरवले. जागा कमी आहे, मान्य. पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे बॅनर, नवरा-नवरीच्या मागे जोडायचे बर्फाचे डोंगर आणि नवरदेवाच्या मित्रांचे नाच बॅकअपमधून खुशाल वगळावे. म्हाताऱ्या माणसांचे फोटो मात्र ठेवावे. माणूस गेल्यावर घरचे लोक फ्रेमसाठी आपल्याकडेच येतात.

४. आता मुख्य. अल्बमसाठी फोटो निवडताना गिऱ्हाईक नको असलेल्या फोटोवर बोट ठेवून म्हणते, "हा राहू द्या." असे नापास फोटो मी 'राहू दे' नावाच्या फोल्डरमध्ये टाकत आलो. राजदीपने नाव वाचले आणि बॅकअपच्या यादीत त्यावरची खूण काढून टाकली.

"नावच 'राहू दे' हाय बाबा, म्हणून सोडलं. काहून, काय हाय त्यात?"

"तुही माय हाय त्यात," मी म्हणालो.

माझी पत्नी पंचफुला. कॅमेरा वळवला की तिचा हात तोंडापुढे. "मले काहून काढता? राहू द्या न जी!" कुठे तळहात, कुठे पदर, कुठे पाठमोरी वेणी, कुठे हसताना हललेला चेहरा. एकही फोटो धड नाही, म्हणून सगळे त्याच फोल्डरमध्ये. ती गेली तेव्हा गावभरच्या फ्रेमा करणाऱ्या माझ्याकडे तिचा एक सरळ फोटो निघाला नाही. भिंतीवर आहे तो आधार कार्डावरचा. तो मी काढलेला नाही आणि मला तो बघवत नाही.

गिऱ्हाइकांच्या फोटोंतून तिचे फोटो वेगळे करायच्या भानगडीत पडू नये. एखादा हात तिचा की दुसऱ्या कोणाचा, हे तुम्हाला ओळखू यायचे नाही. फोल्डर अख्खा ठेवावा.

सबब, या मृत्युपत्रात 'राहू दे' याचा अर्थ 'जपून ठेवणे' असाच घ्यावा. जागा पुरली नाही तर बाकी सगळे वगळावे, माझे फोटोसुद्धा.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे वाचून पाहिले, बरोबर आहे.

सही: धर्मपाल सु. मुनेश्वर

साक्षीदार:
१. जब्बार शेख, शेजारी (शिडी उद्या आणतो.)
२. साधना ताकसांडे, निवृत्त शिक्षिका

कळंब, दि. ९ फेब्रुवारी २०२५

ता. क.: मृत्युपत्राच्या वर चिकटवलेला माझा फोटो पायलने आजच काढला. मी 'राहू दे' म्हणालो नाही.